माईंचं मत

मतदानाच्या दिवशी माई चहा घेत नसत. एरवी सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय त्या कुणाशी धड बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी उजाडायच्या आत आंघोळ, केसांना तेल, ठेवणीतलं पातळ आणि सरळ शाळेचा रस्ता. मखमलाबादकडच्या आमच्या त्या शाळेत मतदान केंद्राची माणसं अजून टेबलं लावत असायची, बंदोबस्ताचा पोलीस नळावर तोंड धूत असायचा आणि माई फाटकाशी उभ्या. पहिला नंबर त्यांचाच.

लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीत मी हे पाहिलं आणि मला हसू आलं. म्हटलं, "माई, संध्याकाळपर्यंत चालतं मतदान. निवांत जाऊ की."

पदर खोचत त्या म्हणाल्या, "तू ये निवांत. माझं मत माझ्या आधी तिथं जायला नको."

मला वाटलं, गंमत करताहेत. माईंची गंमत अशीच असायची, चेहऱ्यावरची रेघ न हलवता केलेली.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. निफाडकडच्या एका खेड्यातून नाशिकला सून म्हणून आल्या आणि आमच्या फुलशेतीत रुजल्या. चहूबाजूंनी इमारती उठल्या तरी शेवंती आणि झेंडूचा आमचा तुकडा तेवढा शिल्लक होता. दुपारी पडवीत बसून त्या हार ओवायच्या. सुई चालू, तोंडही चालू. कुणी आडून काही बोललं की त्या लगेच म्हणायच्या, "तोंड हे ना? मग सरळ विचार की." भाजीवाल्यालाही हेच, जावयालाही हेच. पुढे काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली, पण हार थांबले नाहीत. बोटांनी चाचपून त्या फूल उमललंय की मुकं आहे ते सांगायच्या. डोळे गेल्याचं दुःख त्यांनी एकदाच बोलून दाखवलं. म्हणाल्या, "लोकं आता माझ्याशी मोठ्यानं बोलतात. मी आंधळी झाले, बहिरी नाय."

आणि नाना, माझे सासरे. ते आयुष्यभर एकाच पक्षाचे. पद मिळालं नाही, तिकीट तर सोडाच, पण शाळेबाहेरच्या पक्षाच्या टेबलावरची त्यांची खुर्ची कधी हलली नाही. लोकसभा जवळ आली की संध्याकाळी आमच्या पडवीत माणसं जमायची आणि नाना मतदारसंघाचा इतिहास सांगायला बसायचे. नाशिक कुणाच्या लाटेत वाहिलं, कधी लाटेला आडवं गेलं. सिन्नरचं वारं कसं वेगळं, देवळालीचं कसं वेगळं, इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरातल्या पेट्या उघडल्या की शहरातल्या आघाडीची कशी दाणादाण उडते. "नाशिकचा खासदार म्हणजे पाहुणा," ते म्हणायचे. "एकदा पंगतीला बसवतील, दुसऱ्यांदा दार लावून घेतील." पुढे एक जण लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आला, तेव्हा नाना काही दिवस घरात कुणाशी बोललेच नाहीत, इतका तो त्यांना स्वतःचा पराभव वाटला.

त्यांची आवडती गोष्ट मात्र फार जुनी होती, त्यांच्या लहानपणची. एका पोटनिवडणुकीत नाशिकमधून उमेदवार बिनविरोध गेला, मतदानच झालं नाही. "कुणी मत दिलं नाही आणि खासदार झाला!" नाना टाळी मागायचे.

आतून माईंचा आवाज यायचा, "तुम्हाला तेच बरं पडलं असतं."

सगळे हसायचे. नानाही हसायचे आणि हिशोबाला लागायचे. कुठली गल्ली आपली, कुठली सोसायटी काठावरची. शेवटी ठरलेलं वाक्य: "आणि आपल्या घरची चार. ती मोजायचीसुद्धा नाहीत." चार म्हणजे ते स्वतः, माई, माझा नवरा संदीप आणि मी. मला कधी कुणी विचारलं नव्हतं. त्याचं मला काही वाटलंही नव्हतं.

मागची लोकसभा आली ती मे महिन्यात. माईंची नजर तोपर्यंत पूर्ण गेली होती. घरी येऊन मत घेण्याची सोय आहे म्हणून संदीपने सुचवलं, तर माई म्हणाल्या, "मी शाळेतच जाणार." ओझरच्या कारखान्यात संदीपची पहिली पाळी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले. उन्हं नुकती वर आली होती. माईंनी माझा दंड धरला होता आणि नेहमीसारखा चहा घेतलेला नव्हता.

फाटकाशी नाना आले. ते पहाटेपासूनच टेबलावर होते. त्यांनी माईंचा हात माझ्याकडून आपल्या हातात घेतला आणि आम्ही तिघं आत गेलो. केंद्राध्यक्ष तरुण होते, कुठल्या तरी शाळेतले शिक्षक असावेत. त्यांनी माईंकडे पाहिलं आणि समजुतीने विचारलं, "आजींना दिसत नाही का? मग त्यांच्याबरोबर आत सोबती जाऊ शकतो. कोण जाणार?"

"मी," नाना म्हणाले. "नवराच आहे मी त्यांचा."

"हे नकोत," माई म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. केंद्राध्यक्षांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "आजी, हे तुमचे यजमान आहेत ना?"

"हायेत. पन माझ्याबरोबर हे नकोत. सूनबाई येईल."

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. खिडकीपाशी बाकावर निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसले होते. ते सगळे नानांना ओळखत होते. त्यांतल्या एकाने पेन खाली ठेवलं.

नाना खाली वाकून म्हणाले, "अगं, मी आहे. मी."

"तुम्ही हायेत म्हणूनच म्हणते."

नानांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिथे राग नव्हता. भर रस्त्यात कुणी ओळख नाकारावी तसा तो झाला होता. त्यांनी माईंचा हात सोडला आणि ते बाहेर गेले. मला त्यांच्या मागे धावावंसं वाटलं, पण माईंनी आता माझा दंड धरला होता, आणि इतका घट्ट की त्यांची बांगडी मला रुतत होती.

केंद्राध्यक्षांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. मी या मतदाराचं मत गुप्त ठेवीन, असं त्यावर होतं. मी सही केली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे आम्ही दोघी उभ्या राहिलो. उमेदवार इतके की दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडली होती. माई कुजबुजल्या, "वरपासून वाच. एक पन सोडू नको." मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचत गेले. अपक्षसुद्धा वाचले, चिन्हंसुद्धा. त्या मान हलवत ऐकत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी एक नाव घेतलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बोट ने तिथं," त्या म्हणाल्या. "बटन मी दाबणार."

मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. त्यांनी ते दाबलं, गरजेपेक्षा कितीतरी जोरात. यंत्र वाजलं, काचेमागे चिठ्ठी दिसली आणि खाली पडली.

"पडली?"

"पडली, माई."

त्यांनी खोल श्वास सोडला. कुणाला दिलं ते मी तुम्हालाही सांगणार नाही. सही केलीय.

घरी येताना रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली त्या थांबल्या. मला राहवलं नाही. "माई, असं का केलंत? चारचौघांत?"

"सरळ विचारलंस, बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि तिथेच, उभ्या उभ्या, त्यांनी मला सांगितलं.

त्या लग्न होऊन आल्या त्यानंतरची पहिली निवडणूक. आयुष्यातलं पहिलं मत. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा असे. घरी कार्यकर्त्यांच्या भाकरी होत्या. त्या थापून, वाढून, भांडी आवरून माई नवं पातळ नेसल्या आणि दुपारी केंद्रावर गेल्या. तिथल्या माणसाने यादीत बघून सांगितलं, बाई, तुमचं मत होऊन गेलं. माईंनी विचारलं, कसं होईल, मी तर आता येतेय. त्याने दाखवलं. त्यांच्या नावापुढे अंगठा उठलेला होता.

"मला सही येत होती गं," माई म्हणाल्या. "शाळेत जाऊन शिकलेली सही. आन तिथं अंगठा."

रांगेतली माणसं हसली. घरी येऊन त्यांनी नानांना सांगितलं, तर नानाही हसले. म्हणाले, तू चुलीपुढे अडकलेली, म्हणून मीच एका बाईला तुझ्या नावावर पाठवून दिलं. आपल्यालाच पडलं ना? मग झालं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उरलेल्या भाकरी बांधून दिल्या." माईंनी काठीने समोरचा रस्ता चाचपला. "चल. ऊन व्हायलंय."

मला त्यांच्यापुढे चालवेना. इतकी वर्षं मी त्या फाटकाशी उभ्या असलेल्या बाईला हसत होते.

नाना दुपारी जेवायला आले नाहीत. मतदान संपल्यावर आले, पाय धुतले आणि पडवीत बसले. त्या संध्याकाळी कुणी त्यांच्याकडे आलं नाही, किंवा आलेले फाटकातूनच परत गेले असतील. संदीपला सगळं बाहेरूनच कळलं होतं. तो कुणाकडेच बघत नव्हता. मी पाणी दिलं तेव्हा नाना म्हणाले, "कुणाला दिलं तिनं?"

"नाना, मी सही केलीय."

"घरातली गोष्ट घरात सांगायला सही आडवी येते?"

"त्या पोरीला कशाला विचारताय?" माई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी हे ना इथं."

"मग तू सांग. माझ्यावर एवढा अविश्वास? मी काय वाईट केलं तुझं?"

माईंनी त्यांना ती जुनी गोष्ट सांगितली. रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. भाकरी, पातळ, अंगठा. नाना ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना त्यातलं काहीही आठवत नाही. कपाळाला आठ्या घालून ते शोधत होते. "असं झालं होतं? मला नाही आठवत." मग ते अगदी मनापासून, समजूत घालावी तसं म्हणाले, "पण ते मत आपल्यालाच पडलं होतं ना?"

तेच शब्द! सकाळी कडुलिंबाखाली ऐकलेले, जसेच्या तसे.

"तुम्हाला पडलं होतं," माई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आपण काय बोललो हे नानांना कळलं, पण उशिरा कळलं. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना पाहिलं, आणि पाहायला नको होतं असं वाटलं.

निकाल लागला. पुढे केंद्रावारी आकडेही आले. नाना ते घेऊन बसले, बेरजा-वजाबाक्या केल्या, पण एका मताचा माग त्यात कसा लागावा? पडवीत माणसं पुन्हा जमू लागली. नाना पुन्हा सिन्नर, देवळाली, त्र्यंबक सांगू लागले. फक्त गल्ल्यांचा हिशोब आमच्या घरापर्यंत आला की ते थांबत आणि पुढच्या गल्लीत जात. माईंशी ते पहिल्यासारखंच बोलत. उलट थोडं जास्तच. बाजारात निघताना "तुला काय आणू?" असं विचारायला लागले. माई पहिल्या वेळी चकितच झाल्या. शेवटी "खारी आना," म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात माईंचं हृदय दमलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, फार आशा ठेवू नका. एका दुपारी दवाखान्यात मी त्यांचे पाय चेपत होते आणि नाना खुर्चीवर बसले होते. अचानक खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "आता तरी सांग. कुणाला दिलं होतंस?"

माई उशीवर डोकं वळवून म्हणाल्या, "आधी तुम्ही सांगा. तुम्ही कुनाला दिलं?"

मी चमकले. हा प्रश्न नानांना जन्मात कुणी विचारला नव्हता. विचारण्यासारखं त्यात होतं काय? पण त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे दोन तुकडे झालेले होते आणि दोन्ही तुकडे एकमेकांसमोर उभे होते. नाना एकीकडे राहिले, त्यांच्या टेबलावर बसले, त्यांच्या चिठ्ठ्या वाटल्या. त्यामुळे मत कुठे गेलं हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, तू जरा बाहेर थांबतेस?"

मी बाहेर आले. दार नीट लागत नव्हतं. फटीतून दिसलं, कर्णा लावल्यासारखं बोलणारे नाना माईंच्या कानाशी वाकले होते. मग माईंचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी इतका मोठा.

"अगं बाई! खरंच?"

आणि त्या हसायला लागल्या. नाना "हळू, हळू" म्हणत होते, नर्स धावत आली, तरी त्या हसतच होत्या.

थोड्या वेळाने नाना बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. मी विचारलं, "माईंनी सांगितलं का मग?"

"कसलं सांगते! माझं तेवढं काढून घेतलं."

माई त्याच आठवड्यात गेल्या.