फोटोबाईंचं ऊन

माझी मावशी एकतीस वर्षं जमिनीखाली नोकरीला होती. खाणीत नव्हे, इस्पितळात. एक्स-रेची खोली तळघरात होती. एका बाजूला कपडे धुण्याची खोली, दुसऱ्या बाजूला जुन्या फायलींचं कोठार. दाराला आतून शिशाचा पत्रा, दारावर लाल दिवा आणि खिडकी नावालाही नाही. सकाळी साडेसातला ती जिना उतरायची. थंडीच्या दिवसांत वर यायची तेव्हा सूर्य मावळून गेलेला असायचा.

एक्स-रेला लोक फोटो म्हणतात, म्हणून ती फोटोबाई. छातीचा फोटो काढायला आलेला प्रत्येक चौथा माणूस विचारायचा, "फोटोबाई, हसू का?" आणि ती दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायची, "हसा, पण बरगड्या हलवू नका."

लग्न तिने केलं नाही. कुणी खोदून विचारलंच, तर म्हणायची, "माणसं आतून इतकी पाहिली, की बाहेरून काही खास वाटेनात."

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन ती वर आली आणि गाड्या लावतात त्या मोकळ्या जागेत तोंड वर करून दहा मिनिटं उभी राहिली. पहारेकऱ्याला वाटलं, बाईंना चक्कर आली. तो बिचारा खुर्ची घेऊन धावला. मावशी खुर्चीत बसली, चपला काढल्या आणि म्हणाली, "अजून अर्धा तास तरी मला उठवू नका."

पुढच्याच महिन्यात तिने बेकरीची जुनी मालवाहू गाडी विकत घेतली. बाजूला पावाचं अर्धवट पुसलेलं चित्र होतं, आणि गाडी तापली की आतून भाजलेल्या पावाचा वास यायचा. सुताराने आत पलंग, छोटं बेसिन, कपाटं बसवली. दिवे, पंखा आणि लहानसा फ्रीज चालायला इंजिनाच्या बॅटरीखेरीज दुसरी बॅटरी एका कपाटात घातली. ही बॅटरी उन्हावर चार्ज करायची, असा मावशीचा बेत.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सोलर पॅनल छपरावर स्क्रूने पक्कं करून देतो."

"म्हणजे पॅनलसाठी गाडी उन्हात उभी करायची, आणि मी आत बसून खरपूस भाजून निघायचं? ते काही नाही. गाडी सावलीत, पॅनल उन्हात."

मग घडीचं पॅनल आलं. बॅगेसारखं उघडायचं, मागे दोन पाय, धरायला मूठ आणि दहा मीटर वायर. वायर गाडीतल्या एका छोट्या डबीला जोडायची, डबी बॅटरीला. किती करंट येतोय, बॅटरी किती भरली, सगळं डबीवर दिसतं. इलेक्ट्रिशियनने बजावलं, "आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना उलटं. आणि पॅनलवर सावली पडू देऊ नका. हातभर सावली पडली तरी निम्मा करंट गेलाच म्हणून समजा." मावशीने हे सगळं पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

पहिल्या सहलीला तिने माझ्या आईला नेलं, आणि जड उचलायला मला. आई मावशीहून चार वर्षांनी मोठी. काळजी करणं हे आपलं काम आहे आणि ते आपण चोख करतो, असं तिचं मत. ती छत्री, दोन टॉर्च, औषधांचा डबा आणि एक दोरी घेऊन गाडीत चढली. दोरी कशाला, विचारलं तर म्हणाली, "लागली की कळेल."

आम्ही एका तळ्याकाठी गेलो. अंधार पडल्याबरोबर आईची पाचावर धारण बसली. तिने गाडीतले सगळे दिवे लावले, पंखा सोडला, फ्रीजचं बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं. सकाळी उठून पाहतो तो फ्रीज गप्प, पंखा ढिम्म, दूध आंबलेलं. डबीवर बॅटरीचा आकडा अकरा पॉइंट चार व्होल्ट. बॅटरीने मान टाकली होती.

"झालं!" आई म्हणाली. "आता घरी चला."

मावशीचे डोळे मात्र चमकत होते. "घरी? अगं ताई, खरी मजा तर आता सुरू होतेय!"

तिने गाडीच्या पलीकडे गवतावर पॅनल उघडलं, पाय लावले, वायर मागच्या खिडकीतून आत घेतली. मग आम्ही दोघी कपाटात डोकी घालून बसलो. आधी बॅटरी, मग पॅनल. सगळं पुठ्ठ्याबरहुकूम. डबीवर करंटचा आकडा आला शून्य पॉइंट तीन. काढलं, पुन्हा जोडलं. शून्य पॉइंट तीन. मावशीने वायर पुसली, पिना पुसल्या, डबी पुसली, शेवटी चष्मा पुसला. अर्धा तास गेला. मला तर वाटायला लागलं, इलेक्ट्रिशियनने आपल्याला खेळणं विकलं.

मी पाय मोकळे करायला बाहेर आले. पॅनलवर फुलाफुलांची चादर होती. नीट, सुरकुती न पाडता अंथरलेली. चारही कोपऱ्यांवर दगड.

"मावशी, बाहेर ये."

मावशी आली. चादरीकडे पाहिलं, मग आईकडे. "ताई, ही कुणी घातली?"

"मी," आई म्हणाली. "एवढी महागाची वस्तू, कोरी करकरीत, आणि तुम्ही ती रणरणत्या उन्हात टाकून आत जाऊन बसलात. रंग उडाला असता ना!"

मावशी मटकन गवतात बसली. तिला जे हसू फुटलं ते थांबेना. "ताई... अगं... ते उन्हातच ठेवायचं असतं!"

"मग आधी सांगायचं. आणि मला हसू नकोस. हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत."

"माझे तर नाहीतच! माझे तळघरात झाले!"

आता आईलाही हसू आवरेना. हसून हसून आमची पुरेवाट झाली. मी चादर ओढली, मावशी आत पळाली, आणि तिची आरोळी तळ्याच्या त्या काठापर्यंत गेली असेल: "पाच पॉइंट आठ! ताई, पाच पॉइंट आठ!"

बाहेर येऊन तिने आईच्या गळ्यात हात टाकले. "एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अंगातून किरण सोडले गं. माझ्या वाट्याला आले ते आज."

त्या क्षणापासून आई बदलली. चूक भरून काढायची म्हणून असेल, पण तिने पॅनलशेजारी खुर्ची मांडली आणि उठायचं नाव घेईना. सूर्य जरा सरकला की पॅनल जरा वळवावं लागतं, हे तिला कुणी न सांगता कळलं. ती हुकूम सोडायची, मी पॅनल हलवायची, मावशी आतून आकडा ओरडायची.

"डावीकडे! अजून! थोडं मागे कलव!"

"सहा पॉइंट एक!"

"थांब! आता कुणी हलू नका!"

"श्वास घ्या, धरून ठेवा," मावशी आतून म्हणाली, आणि आम्ही दोघींनी खरंच श्वास धरला. जणू आमच्या श्वासाने ऊन उडून जाणार होतं.

जवळच एक गृहस्थ मोठ्या गाडीत राहायला आले होते. त्यांचा जनरेटर सकाळपासून धडधडत होता. वर्तमानपत्राच्या आडून ते आमचा तमाशा पाहत होते. शेवटी राहवलं नाही. "बाई, त्या पाटीने एक बल्ब तरी लागेल का?"

आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमचं यंत्र धूर ओकतं. आमचं नुसतं ऊन खातं, आणि गप्प बसतं."

दुपारी ढग आले. ऊन तुकड्यातुकड्यांनी गवतावरून सरकायला लागलं. "ऊन तिकडे पळालं!" आई ओरडली. मी पॅनल उचलून धावले, तर वायर संपली. मावशीने गाडी सुरू केली. आता वरात अशी: पुढे आई, छत्री मिटून वाट दाखवणारी, मधे पॅनल छातीशी धरून मी, आणि मागून बैलगाडीच्या चालीने येणारी पावाची गाडी. उन्हात पोचलो, पाय लावले, तर ऊन झाडापलीकडे. पुन्हा वरात. चौथ्या खेपेला आईने कमरेला बांधलेली ती दोरी सुटून पायात आली आणि मी पॅनलला कवटाळून गवतात लोळण घेतली.

"पॅनलला लागलं का?" दोघी एका सुरात ओरडल्या. माझी विचारपूस नंतर झाली.

उठून पाहते तो जनरेटरवाले काका शेजारी उभे. चष्मा कपाळावर, वर्तमानपत्र बेपत्ता. "इकडे आणा, इकडे! या ढगाच्या मागे मोकळं आहे!" जनरेटर त्यांनी केव्हाच बंद केला होता. संध्याकाळपर्यंत तेही आमच्यातलेच झाले. पॅनलचा एक पाय त्यांनी धरला, दुसरा मी.

पहिल्या दिवशी बॅटरी जेमतेम निम्म्यावर आली, पण फ्रीज गुरगुरायला लागला. दुसऱ्या दिवशी आईने रात्री एकच दिवा वापरायचा असा कायदा केला आणि स्वतः पाळला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी डबीवर हिरवा दिवा लागला. भरली! मावशी मला धरून गोल गोल फिरली. काकांनी टाळ्या वाजवल्या.

आई मात्र एकदम गंभीर. "भरली? मग आता हे एवढं ऊन वाया जाणार?"

वाया जाणं आईला कधीच खपलेलं नाही. तिने फ्रीज, पंखा, रेडिओ, सगळं सुरू केलं. लख्ख उन्हात गाडीतले सगळे दिवे लावले. "सूर्याला दिवा दाखवतेयस, ताई!" मावशी म्हणाली. पण आई ऐकते कुठे! ती तळ्याकाठाने हाका मारत निघाली, "कुणाचा मोबाइल चार्ज करायचाय का? या! आमच्याकडे ऊन उरलंय!" लोक खरंच आले. मासे धरणारे दोघे आले, पोहायला आलेली मुलींची टोळी आली, एका आजोबांनी दाढीचं मशीन आणलं. आई प्रत्येकाला व्होल्ट म्हणजे काय ते समजावून सांगत होती. सगळं चुकीचं, पण इतक्या आत्मविश्वासाने, की मावशीचाही सुधारायचा धीर होईना. रेडिओवर कसलंसं गाणं लागलं, आणि माझी मावशी, जिला मी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं, ती त्या सगळ्या अनोळखी माणसांसमोर अनवाणी नाचली.

दोन दिवसांसाठी गेलो होतो, पाच दिवस राहिलो. माझी रजा संपली म्हणून यावं लागलं. परतीच्या वाटेवर दोघी पुढे बसून पुढच्या सहलीचे बेत करत होत्या आणि त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

"जड कोण उचलणार?" मी विचारलं.

"ते बघू आम्ही," मावशी म्हणाली.

आल्यावर आठवड्याभरात आईने गाडी शिकायचा क्लास लावला. सदुसष्टाव्या वर्षी! "ती एकटी किती चालवणार?" एवढंच तिचं म्हणणं. शिकवणाऱ्याला तिने सळो की पळो करून सोडलं. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास झाली. आता दोघी आलटून पालटून चालवतात, आणि कुणी जास्त चालवली यावरून दर वेळी भांडतात.