चार बोटांचा फरक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं काम केलं त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. दोन दिवस झाले, लिहायला बसतो आणि उठतो.

आधी कामाचं सांगतो — ते सांगायला सोपं आहे, म्हणून आधी. न्यूट्रॉनच्या झोताने धातूच्या आत पाहणारी यंत्रं मी आखायचो. परदेशात एका केंद्रात हे न्यूट्रॉन ठोक्याठोक्याने सुटतात. नमुन्यावर आपटून ते कुठल्या कोनात, किती वेळाने पोचले, यावरून आतल्या अणूंची मांडणी कळते. पण नमुना भट्टीत तापवत ठेवला, की भट्टीच्या भिंतींवरूनही न्यूट्रॉन उसळतात आणि सगळं चित्र गढूळ होतं. म्हणून मधे पातळ पत्र्यांची जाळी उभी करायची, हातपंख्याच्या काड्यांसारखी. प्रत्येक पत्र्याची रेघ पुढे वाढवली तर ती नेमकी नमुन्याच्या मध्यावर पोचली पाहिजे. मग नमुन्याकडून येणारे तेवढे आत शिरतात, बाकीचे पत्र्यांत जिरतात.

त्या जाळीची चौकट आखायचं काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्याकडे आलं. आणि ती करून घ्यायला मी गेलो बालाघाटला, माझ्या गावी.

काहून? देवाजी काकाजींसाठी. आमच्या घरामागे राहायचे ते. मॅंगनीजच्या खाणीत जन्मभर फिटर होते, रिटायर झाल्यावर स्टेशनजवळ स्वतःचं वर्कशॉप टाकलं. राईस मिलवाले मोडलेलं काहीही त्यांच्याकडे आणायचे. केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. मी साहेबांना सांगितलं, असा माणूस तुम्हाला शहरात मिळणार नाही. खोटं नव्हतं ते. — आणि खरं सांगू? आमच्या गल्लीला दिसावं, मी कोण झालोय, हेही मनात होतं.

काकाजींनी महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. पत्रे बसवायच्या खाचा कोरून झाल्या तेव्हा मी रजा काढून गावी गेलो होतो. निघायच्या सकाळी त्यांनी बोलावून घेतलं. चौकटीखालच्या पाटावर नमुन्याच्या जागी एक भोक होतं, माझ्याच नकाशाप्रमाणे पाडलेलं. त्यांनी प्रत्येक खाचेतून एकेक दोरा ताणून बांधला होता.

“बाबू, हे पाय. सारे दोरे एका जागी येऊन राह्यले, पण भोकावर नाही. चार बोटं अलीकडेच मियते. काहून असं?”

शेजारी राईस मिलचे दोघं उभे होते. मी दोऱ्यांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. हसलो. म्हणालो, “काकाजी, ते गणित वेगळं असते. कागदावर हाय तसं करा.”

“हौ,” ते म्हणाले, आणि दोरे सोडायला लागले.

गोंदियाच्या बसमध्ये नकाशा माझ्या पिशवीत होता. राजेगावला बस नाक्यावर बराच वेळ उभी राहिली. मी नकाशा काढला, अर्धा उलगडला — आणि पुन्हा घडी घातली. तपासला असता तर उतरावं लागलं असतं ना? परतीची जीप समोरच भरत होती. आठवी शिकलेल्या माणसापुढे, त्या दोघांच्या देखत, जाऊन काय म्हणायचं होतं मला? “चुकलो” — एवढंच. मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

चौकट परदेशी गेली, यंत्रात बसली, आणि पहिल्याच तपासणीत भट्टीच्या भिंती जशाच्या तशा दिसल्या. त्या दिवशी मात्र मी नकाशासोबतचा कोनांचा तक्ता तपासला. आधी जी लहान भट्टी ठरली होती, तिचं अंतर धरून मी खाचांचे कोन काढले होते. भट्टी बदलली, भोक मी सरकवलं, कोन तसेच राहिले. फरक — चार बोटं.

साहेबांनी विचारलं, चूक आखणीतली की बनवण्यातली?

मी म्हणालो, बनवण्यातली.

किती पटकन म्हणालो! मग फायलीतला तक्ता काढून नवा, बरोबर कोनांचा लावला. काकाजींना पत्र गेलं, काम निकृष्ट, यापुढे दिलं जाणार नाही. संपलं? नाही. जुन्या तक्त्याची एक प्रत त्यांच्याकडे होती. ती आणायला मी बालाघाटला गेलो. हो, तेवढ्यासाठीच गेलो.

ऑफिसला परत हवीय म्हणालो. त्यांनी ट्रंकेतून ती काढून दिली, एकही प्रश्न न विचारता. माझा चहाचा कप भरला आणि हात जोडले.

“माह्यापायी तुले मान खाली घालावी लागली, बाबू. मी तं कागद पाहूनच केलतं. पण डोये आता पयल्यासारखे नाही राह्यले. माफ कर मले.”

इथेच थांबावंसं वाटतंय. पण हेच तर सांगायचं होतं.

मी म्हणालो, “जाऊ द्या काकाजी. होते असं.”

माफ केलं मी त्यांना. समजतंय तुम्हाला? त्यांनी जे केलंच नव्हतं, त्याची माफी मी दिली, आणि ती देताना मला चक्क मोठेपणा वाटला. प्रत मी बसस्टँडवर फाडली.

काकाजींनी चष्मा केला. मग बारीक काम घेणं सोडलं. गिऱ्हाईक आलं तर म्हणत, माह्या नजरेचा भरवसा नाही. लेथ विकून मिलचे पट्टे चढवायला जाऊ लागले. त्या नजरेत काही बिघडलेलं नव्हतं, हे साऱ्या बालाघाटात एकट्या मला माहीत होतं. आणि मी पुढच्या यंत्रावर, पुढच्या बढतीवर जात राहिलो.

काही वर्षांनी ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी बाहेर आली, खुर्ची दिली.

“बाबा सारखे सांगे,” ती म्हणाली, “एवढं नुकसान झालं, पण बाबू एका शब्दानं बोलला नाही मले.”

“हौ,” मी म्हणालो. आणि तिने दिलेला चहा पिऊन उठलो.