धुक्यात बांधावर कोण होतं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की मी, निवृत्त हवालदार, मुक्काम सणसर, तालुका इंदापूर, याने उत्तरेकडच्या डोंगरात पाऊण तास एका जागी उभं राहून मेस टिन, म्हणजे फौजी जेवणाचा डबा, वाजवला. रिपोर्टात ही नोंद नाही. आज करतो.

ऑक्टोबर होता. सकाळी सहा वीसला आम्ही दहा जण पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, निघालो. पुढं मी, मागं कॅप्टनसाहेब, सगळ्यात शेवटी लान्स नाईक सलीम. वायरलेस सेट दोन, एक साहेबांकडं, एक सलीमकडं. सलीम वडगाव निंबाळकरचा. दोघंही उसातली माणसं, त्यामुळं आमचं जमायचं. चढावर तो मागून ओरडायचा, "दादा, दमानं! कारखान्यावर ट्रॉली न्यायचीय का?"

नऊ वाजता धुकं उतरलं. हाताची बोटं दिसेनात. नऊ दहाला मोजणी केली. नऊच भरले. साहेबांचा सेट घेतला.

"सल्या, कुठं हायस?"

"वाटंवरच हाय. तुमी कुठं गेला?"

एवढ्यात थंडीनं त्याची बॅटरी बसली. हाक मारावी तर ती चारी कड्यांवरून परत यायची. आसपास कुठंतरी खोल दरी होती. पाऊल चुकलं की माणूस गेला.

मग मला ऊस आठवला. उंच उसात पाणी धरताना माणसाला माणूस दिसत नाही. आमच्याकडं नियम आहे. बांधावरच्यानं हलायचं नाही, खोऱ्यावर दगड वाजवत राहायचं. आत चुकलेल्यानं त्या आवाजावर यायचं. मी चमच्यानं मेस टिन वाजवायला लागलो. लगेच मागून, एकाच बाजूनं, वेगळ्या ठेक्यात टण् टण् आलं. पठ्ठ्याला कळलं होतं!

पाच मिनिटं झाली, वीस झाली. मी वाजवतोय, तो वाजवतोय. येत कुणीच नाही. शेवटी साहेब माझ्या कानाशी आले.

"हवालदार, वो बजा रहा है, तुम बजा रहे हो. आएगा कौन?"

"वो आएगा, सर. हम बांध पे हैं."

"तुम जाओ. ऑर्डर है."

दोर बांधून आम्ही आवाजावर मागं निघालो. चाळीस पावलांवर सलीम मांडी घालून बसलेला, मांडीवर मेस टिन.

"या, दादा. लई उशीर केला."

तो टेकला होता त्या दगडावर वाटेची पांढरी खूण होती. दहा दहाला धुकं फाटलं. मघा मी छाती काढून उभा होतो, तिथून आठ पावलं पुढं दरी होती. रिपोर्टात मी लिहिलं, 'धुक्यामुळे विलंब.'

जानेवारीत बर्फाचा कडा कोसळला. सलीम त्यात गेला.

सुट्टी मिळाल्यावर वडगावला गेलो. अंगणात माणसं बसलेली. त्याचे अब्बा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. मी हाच किस्सा सांगितला, ताटली मागून घेऊन, पूर्ण ॲक्शनसह. फक्त पांढरी खूण आणि दरी गाळली, आणि सलीम कसा वाट चुकला ते रंगवून सांगितलं. अब्बांनी मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले,

"चुकला असशील तूच! माझा सलीम उसात कधी चुकला न्हाय!"