तासभर कूलर बंद

पुण्याच्या एका कंपनीचा मुलाखतीचा मेसेज माझ्या वहिनीच्या मोबाईलवर आला तेव्हा मी धुळ्याहून सुट्टीला आले होते. शिरपूरच्या अलीकडे आमचं गाव. वहिनी म्हणजे मोठ्या काकूची सून. शेतीतली पदवी घेतलेली, लग्नाआधी वर्षभर नोकरी केलेली, आणि मग लग्न, मुलगी, चूल या क्रमानं घरात बसलेली. कंपनीचं काम मोठं छान होतं. कापूसवाल्या शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, बोंडअळी की लाल्या रोग हे विचारून घ्यायचं आणि सल्ला द्यायचा. तेही घरूनच.

मेसेजमध्ये लिहिलं होतं: शांत खोली, भरपूर उजेड, मागे मोकळी भिंत, अखंड इंटरनेट. वेळ दुपारी दोन.

मे महिन्यात, खान्देशात, दुपारी दोन! ज्यानं ही वेळ ठरवली त्याला मी एकदा आमच्या पत्र्याखाली बसवणार आहे. धुळ्यात महिला संघटनेसाठी पत्रकं लिहून लिहून माझी सवयच झालीय, चार ओळी वाचल्या की त्यामागचं घर दिसतं. या चार ओळींमागे एसी होता, बंद होणारं दार होतं आणि त्या दारावर टकटक करून आत येणारी माणसं होती. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी अर्जच करू नये, हे फक्त लिहायचं राहिलं होतं.

पण मी चिडून उपयोग नव्हता. काकूनं परवानगी दिली होती ती अशी: "एकदाव करी ले. नही जमनं तर परत इषय काढाना नही." दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, खाली मान घालून जेवत राहिला. वहिनीला एकच संधी होती, आणि ती दुपारी दोनची होती.

तयारी सुरू झाली. मी ओसरीत बसून मोबाईलवर साहेब व्हायचं, वहिनीनं आतल्या खोलीतून उत्तरं द्यायची. पहिल्याच खेपेला मला तिचं एक अक्षर ऐकू आलं नाही. नुसतं घर्रर्र. आमचा कूलर बंद केला तरी घर्रर्र तसंच. समोरच्या नानांचा कूलर बरोबर आमच्या खिडकीकडे पाठ करून बसलेला, आणि शेजारचे दोन त्याच्या साथीला. एरवी तो आवाज आम्हाला ऐकूही येत नाही. उन्हाळ्यात आमची गल्ली त्या आवाजातच झोपते.

"वहिनी, गल्लीला सांगावं लागेल."

"नको ताई. कोणत्या तोंडानं सांगू, माझ्या नोकरीसाठी उकडून घ्या म्हणून?"

काकू कुरडयांचा चीक घाटत होती. मुलाखतीच्या दिवशी सकाळी डोक्यावर पदर घेऊन घरोघर गेली आणि सांगून आली, की आमच्या सुनेला बघायला पाहुणे येताहेत. आमच्याकडे कुणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार असले की गल्ली आपसूक आवाज कमी करते, कपबश्या पुरवते. काकूला तोच एक शब्द माहीत होता. तिनं तो वापरला. माझं डोकं सणकलं. शिकलेल्या बाईच्या मुलाखतीला बघण्याचा कार्यक्रम म्हणायचं!

नाना ओसरीवर बसूनच ओरडले, "अक्का, सून तर तू कधीच घर लई उनी ना? आते तिले परत कोन दखाले यी ऱ्हायनं?"

"कंपनीना लोके शेतस. मोबाईलमा यी ऱ्हायनात. तासभर कूलर बंद ठेवा."

"अन् पसंत पडनी तर तिले लई जातीन का पुन्याले?"

"तुम्हलेच धाडी देस त्यास्नासंगे. बठ्ठी गल्ली सुखी हुई."

दोनला थोडा वेळ असताना एकेक कूलर थांबला. आधी शेजारचे, मग नानांचा. भर दुपारी आमच्या गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नाना उघड्या अंगानं दारात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते, पलीकडे कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं तर त्याला उचलून मागच्या अंगणात नेलं. माझा राग तिथे जरा अडखळला. कुणाच्या पत्रकामुळे हे झालं नव्हतं.

वहिनी मोकळ्या भिंतीपुढे बसली. मी मोबाईलमागे पांढरी चादर धरून उभी, खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर यावा म्हणून. पडद्यावर एक साहेब आणि एक मॅडम. कामाचे प्रश्न झाले, वहिनी आधी घुटमळली, मग नीट बोलू लागली. घाम कानामागून गळ्यात उतरत होता, पण तिनं एकदाही पुसला नाही.

मग साहेबांनी तो प्रश्न विचारलाच. "मुलगी लहान आहे ना तुमची? घरून काम म्हणजे... जमेल? घरचे काय म्हणतात?"

याचं उत्तर मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं: हा प्रश्न तुम्ही पुरुष उमेदवाराला विचारता का? तेव्हाच ती म्हणाली होती, "ताई, असं म्हटलं तर ते मोबाईलच बंद करतील." आता ती माझ्याकडे बघत होती आणि मी चादरीआडून मान हलवत होते, बोल, बोल.

तेवढ्यात काकू तांब्या-पेला घेऊन सरळ पडद्यात शिरली. पाहुणे आले आणि पाणी विचारलं नाही, हे तिला बाहेर बसून सहन झालं नसावं. मॅडम हसल्या. "या कोण?"

"मी तिनी सासू," काकू पदर सारखा करत म्हणाली. "पोरगीले मी संभाळस. तुम्ही कामनं इचारा."

साहेब परत कापसाकडे वळले. वहिनीनं सासूकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलायला लागली. आवाज आता निराळाच होता.

कंपनीनं तिला घेतलं नाही. तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा, असं आलं. कारण कुणी दिलं नाही. मी ओसरीत मोबाईल नाचवत तावातावानं बोलत होते. वहिनी कुरडया उलटवत होती. ठरल्याप्रमाणे विषय संपला होता.

पण आमच्याकडे पाहुण्यांसमोर मोठ्या माणसानं शब्द दिला की घरात तो फिरवत नाहीत. पाहुणे पडद्यातले असले आणि शब्द 'पोरगीले मी संभाळस' एवढाच असला तरी. काकूला हे माझ्या आधी कळलं असणार. तिनं कुरडयांवर फडकं घातलं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि सुनेकडे न बघताच म्हणाली,

"दुसरी कंपनी नही शे का? पन त्यास्ले म्हना, सकायना टाइम द्या. नाना उकडाई जातस."

वहिनीनं चिकट हात पदराला पुसले आणि माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला.