ओटीवरून काढलेला फोटो

केसरीनाथ माझा शाळेतला मित्र. पुढे माझ्या बहिणीने, रंजिताने, त्याच्याशी लग्न केलं आणि त्याचं सगळं ऐकून घेणं मला भाग पडलं. गेल्या वर्षी अख्खा पावसाळा तो एकाच गोष्टीवर बोलत होता: कॅमेरा फुल-फ्रेम घ्यायचा की क्रॉप-सेन्सर. माझे नारपोलीत कापड विणायचे लूम आहेत. त्या खडखडाटात कोणी फार बोलत नाही, म्हणून मी तिथे सुखी असतो. हा तिथेही यायचा आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडायचा, की लांबचं दिसेल ना, पण काळोखाचं काय.

पैशाची अडचण नव्हती. काल्हेरच्या त्यांच्या भातशेतीवर गोडाऊन उभं राहिलं तेव्हापासून भाडं येतं आणि केसरीनाथला काम उरलेलं नाही. अशा वेळी बाकीच्यांनी मोठ्या गाड्या घेतल्या, कोणी शर्यतीचे बैल पाळले. याने कॅमेरा घेतला. गावात हळद असो, साखरपुडा असो, बारसं असो, हा हजर. फोटोचे पैसे घेत नाही, म्हणून त्याला कोणी नको म्हणत नाही, आणि नको म्हणत नाही म्हणून याला वाटतं आपण फार मोठे फोटोग्राफर. खरं सांगायचं तर फोटो चांगले काढतो. हे मी अजून त्याच्या तोंडावर बोललेलो नाही, बोलणारही नाही.

एकच फोटो त्याला जमला नव्हता, तो त्याच्या आत्याचा. पुतळाबाई धवलारीण आहे. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. ती धवले गाते, म्हणजे एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते, आणि तिची ओळ संपली की शेजारच्या बायका ती झेलून पुन्हा म्हणतात. एरवी ही बाई कोळंबीच्या भावावरून दारात आलेल्या कोळणीला रडकुंडीला आणेल. पण गायला लागली की डोळे अर्धे मिटतात, कपाळावरच्या आठ्या जातात आणि ती कोणी वेगळीच दिसते. केसरीनाथला तो चेहरा हवा होता.

पुतळाबाईचा नियम मात्र कडक. धवले चालू असताना देवखोलीत पुरुष नको आणि समईशिवाय दुसरा उजेड नको. बोलावलेले देव आत येत असतात, त्यांच्या वाटेत तंगड्या पसरून कोण उभं राहणार, असं तिचं म्हणणं. फ्लॅशचं तर नावही काढायचं नाही. केसरीनाथला परवानगी होती ती ओटीवर, दाराच्या कडेला उभं राहायची. देवखोली लांबट, आत्या बसणार तिच्या पार टोकाला. म्हणजे एक तर माणूस लांब, त्यात काळोख. आजवरचे त्याचे सगळे फोटो एकतर हललेले होते, नाहीतर रवा सांडल्यासारखे दाणेदार.

पावसाळा लागला तेव्हाच पुतळाबाईने जाहीर केलं की केसरीनाथच्या पुतण्याचं, प्रितेशचं लग्न हे तिचं शेवटचं. दम लागतो, ओळ मध्येच निसटते, आता पुरे. आपल्यामागे धवले भरलेला पेन-ड्राइव्ह लावा, असंही ती फणकाऱ्याने म्हणाली, कारण गावातल्या एकदोन घरांनी तसं केलं होतं. केसरीनाथ त्या दिवशी धड जेवला नाही. हा चेहरा आता हुकला तर पुन्हा मिळणार नव्हता. आणि नेमका त्याच महिन्यात त्याचा जुना कॅमेरा बंद पडला.

मग आम्ही भिवंडीत कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला की डीएसएलआर आता कोण घेतं, सगळे मिररलेस नेतात. पण केसरीनाथला काचेतून स्वतःच्या डोळ्याने बघायचं होतं, इवल्याशा टीव्हीत नाही, आणि त्याची जुनी मोठी लेन्सही वाया घालवायची नव्हती. तेव्हा प्रश्न पुन्हा तिथेच आला. दुकानदाराने समजावलेलं मला लगेच कळलं, कारण गोष्ट पन्ह्याची होती, कापडाच्या रुंदीसारखी. फुल-फ्रेमचा पन्हा मोठा. लेन्समधून येणारं सगळं चित्र त्यावर मावतं आणि काळोखातही फोटो स्वच्छ येतो. क्रॉपचा पन्हा लहान. तो चित्राचा मधलाच भाग घेतो, म्हणून त्याच लेन्सने लांबचा माणूस जवळ आल्यासारखा दिसतो, पण काळोख पडला की दाणे उठतात. केसरीनाथने विचारलं, लांबचंही आणि काळोखातलंही, दोन्ही एकात मिळणार नाही का. "भाई, सब कुछ तो शादी में दूल्हे को भी नहीं मिलता," दुकानदार म्हणाला.

ओळखीचा असल्यामुळे त्याने दोन्ही कॅमेरे घरी नेऊन बघायला दिले. लग्न त्याच्याच घरात होणार होतं, म्हणून केसरीनाथने तिथल्या देवखोलीचे पडदे लावले, समई पेटवली आणि आत्याच्या जागी रंजिताला बसवलं. सगळी दुपार तो ओटीवरून एकदा या कॅमेऱ्याने, एकदा त्या कॅमेऱ्याने तिचे फोटो काढत होता. ती बिचारी पोळ्यांची कणीक तशीच टाकून आलेली. बसल्या बसल्या ती काहीतरी पुटपुटत होती. आम्हाला वाटलं, आम्हा दोघांना शिव्या देतेय, म्हणून आम्ही तिकडे कानाडोळा केला.

शेवटी त्याने फुल-फ्रेम घेतला. चेहरा लहान आला तरी चालेल, पण तो ओळखू यायला हवा, असा हिशोब त्याने केला. मला तो पटला.

लग्नाच्या दिवशी सकाळी पुतळाबाई गायला बसली. बायका दाटीवाटीने तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. बाहेर बँडवाल्यांना गप्प बसवण्यात आलं. आत्याने पहिला देव बोलावला तेव्हा आवाज कापला, दुसऱ्याला तो स्थिर झाला. केसरीनाथ डोळ्याला कॅमेरा लावून दाराच्या कडेला उभा होता आणि मी त्याच्या मागे. तो हळूच पुटपुटला, फार लांब आहे, चेहरा नखाएवढा दिसतोय. पुतळाबाईचे डोळे अर्धे मिटले होते. तो चेहरा आला होता. केसरीनाथचा पाय उंबऱ्यावर गेला. एवढी वर्षं थांबलेला माणूस, मला त्याचं वाईटही वाटलं, पण मी मागून त्याचा सदरा धरला आणि खेचला. त्याने पाय मागे घेतला आणि जिथे होता तिथूनच फोटो काढले.

लग्न आटोपलं, पाहुणे गेले आणि एका सकाळी त्याने हॉलमधल्या टीव्हीवर फोटो लावले. पुतळाबाई चहात खारी बुडवत बसली होती, रंजिता लसूण सोलत होती. केसरीनाथने मला आधीच सांगून ठेवलं होतं की त्याने एक युक्ती केली आहे. मोठ्या पन्ह्यातला आजूबाजूचा सगळा पसारा त्याने कॉम्प्युटरवर कापून टाकला होता आणि फक्त आत्या ठेवली होती. फोटो टीव्हीभर उघडला. दाणे नव्हते, फोटो हललेला नव्हता. समईचा उजेड गालावर, डोळे अर्धे मिटलेले, ओठ उघडे.

पुतळाबाईने कप खाली ठेवला.

"बाकीच्या बाया कुठं गेल्या?" तिने विचारलं. "मी काय एकलीच गायले?"

केसरीनाथ समजावायला लागला, की फोटो तुझाच हवा होता, म्हणून बाकीचं काढलं. ती ऐकेना. ओळ झेलणाऱ्या बायकांशिवाय धवला होत नाही, मग हा फोटो धवल्याचा कसा, असं तिने त्याला सुनावलं. बिचारा हिरमुसला. त्याने न कापलेला फोटो लावला.

आता सगळी रांग दिसत होती. पुतळाबाई मधोमध, लहानशी, आणि दोन्हीकडे बायका. त्या सगळ्यांची तोंडं मिटलेली, कारण त्या आत्याची ओळ संपायची वाट बघत होत्या. फक्त एकीचं तोंड उघडं होतं. आत्याच्या डाव्या हाताला बसलेल्या रंजिताचं. तिचेही डोळे अर्धे मिटलेले होते आणि ओठ अगदी आत्यासारखेच उघडलेले, जणू दोघींच्या तोंडी तोच शब्द होता.

पुतळाबाई उठून टीव्हीजवळ गेली आणि तिने काचेवर बोट ठेवलं.

"रंजे, तुला ह्यो धवला येतो?"

रंजिताने मान वर केली नाही. "सगले येतान, आत्या."

"मंग बोलली कनाला न्हाय?"

"तुमी कवा इचारलं?"

माझी सख्खी बहीण, एका ताटात जेवलेलो आम्ही, आणि ती गाते हे मला टीव्हीवर कळत होतं. वर्षानुवर्षं आत्याच्या बाजूला बसून तिने सगळं उचललं होतं आणि पोळ्या लाटता लाटता मनात घोकलं होतं. त्या दुपारी पुटपुटत होती ती शिव्या नव्हत्या. मला एवढा आनंद झाला की मी उगाच तिच्यापुढचा लसूण सोलायला घेतला.

पुतळाबाईने तिला हाताला धरून देवखोलीत नेलं, समई लावली आणि तिला स्वतःच्या जागी बसवलं. आपण तिच्या डावीकडे बसली आणि म्हणाली, "तू बोल, मी झेलतंय." केसरीनाथ कॅमेरा घेऊन धावत त्यांच्या मागोमाग आत शिरला. त्याच्या मागे मी. रंजिताने तोंड उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.

"अवो, ओटीवर जावा आदी," ती नवऱ्याला म्हणाली. "दादा, तू पन."

आम्ही दोघे मुकाट्याने बाहेर आलो. आतून तिचा आवाज आला, जरा घाबरलेला, पण पट्टीत. ओळ संपली आणि पुतळाबाईने ती झेलली. केसरीनाथने डोळे पुसले, कॅमेरा लावला, लेन्स फिरवून जेवढी रुंद होईल तेवढी रुंद केली. मी त्याला विचारलं, दोघी मावल्या का.

"मावल्या," तो म्हणाला. "अजून जागा हाय."