जमिनीवर बुडणारं इंजिन

सकाळी स्टार्टर दाबला की इंजिन एकदाच टक् करायचं आणि थांबायचं. आतून कोणी दार धरून ठेवावं तसा तो आवाज. अमर मग सीट काढायचा, प्लग खोलायचा, पुन्हा बटण दाबायचा. प्लगच्या भोकांतून पाणी उडायचं, थेट त्याच्या तोंडावर. ऑइल मोजायची काडी ओढून पाहिली, की तिच्यावर ऑइल नसायचं, दुधाच्या चहासारखं काहीतरी असायचं.

दिग्रसजवळच्या धरणावरची ही जेट स्की. गावातले लोक तिला पाण्याची गाडी म्हणत. देवीलाल नावाच्या ठेकेदाराने काठावर बोटिंग सुरू केलं होतं. सुट्टीच्या दिवशी नेरकडून, पुसदकडून माणसं यायची, लाइफ जॅकेट घालून फोटो काढायची, ओरडत एक चक्कर मारायची. गाडी अमर चालवायचा. बिघडली तर खोलायचाही तोच.

अमर मूळचा घाटंजीचा. लग्नानंतर सासऱ्याच्या दुकानात कामाला आला आणि सासऱ्याच्याच घरात राहिला. सासरे, किसनराव, विहिरींवरच्या पंपांचं काम करायचे. जळलेली मोटार नवी तार गुंडाळून भरायची, सील बदलायचं, पंप पाणी उचलत नसेल तर जाऊन उचलायला लावायचं. घरजावयाला तोंडावर कोणी काही म्हणत नाही. पानठेल्यावर नवा माणूस विचारतो, तुम्ही कोणाकडचे, आणि दुसराच कोणी उत्तर देतो, "किसनरावचे." एवढंच. अमरने ते उत्तर इतक्यांदा ऐकलं होतं, की आता त्याला स्वतःचं आडनाव सांगताना अवघडल्यासारखं व्हायचं.

पुढे विहिरी मागे पडल्या, बोअर आले, दुकान बसलं. अमर धरणावर लागला. त्याच्या शब्दावर देवीलालने किसनरावांनाही घेतलं. संध्याकाळी गाडी धुवायची, टिनाच्या शेडवर लक्ष ठेवायचं. म्हातारा रोज इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी जाऊ लागला. घरातून कोणी त्यांना "कुठं चालले" विचारलं, की पुन्हा "ड्युटीवर" म्हणायला मिळत होतं.

मालवणहून निरोप आला तो त्यानंतर. जेट स्की ज्याने देवीलालला विकली, त्याला तिकडे माणूस हवा होता. राहायला खोली देणार होता. अमरची बायको सुरभी आधी नाही म्हणाली. नंतर म्हणाली, बाबांचं धरणावर बरं चाललंय, त्यांना काम असेल तर मला त्यांना सोडून जाता येईल, रिकामे बसलेले असतील तर येणार नाही. अमरला ते पटलं. वेगळं घर म्हणजे काय, हे तो रात्री पडल्या पडल्या मनात मांडून बघायचा. दार कुठे, खिडकी कुठे. दारावर नाव कोणाचं.

देवीलालने मात्र त्याला सोडायला अट घातली. विकणारा त्याचा जुना दोस्त. देवीलाल हो म्हणेपर्यंत तो अमरला घेणार नव्हता. आणि देवीलालचं म्हणणं साधं होतं.

"पाणी कुठून येऊन राह्यलं ते मले दाखव आन् जाय खुशाल. कोनाच्या हातची चूक असन, तर त्याले दुसऱ्या दिवशी घरी बसवतो. पन सापडलं पाह्यजे."

अमर शोधू लागला. आधी त्याने खालचा सांगाडा तपासला, कुठे तडा असेल म्हणून. सांगाडा आतून कोरडा. शाफ्टजवळचं सील पाहिलं. चांगलं. हेडचं गॅस्केट खराब असेल म्हणून कॉम्प्रेशन मोजलं. सगळ्या सिलेंडरचं सारखं. मग एक दिवस त्याने गाडी सकाळपासून पाण्यात ठेवली, खूप पळवली, वळणं घेतली, आणि संध्याकाळी काठावर आणल्या आणल्या काडी ओढली. ऑइल स्वच्छ होतं. प्लग कोरडे होते.

दुसऱ्या सकाळी पुन्हा टक्.

काडी हातात धरून अमर शेडमध्ये खाली बसला. दिवसभर धरणात कोरडं राहिलेलं इंजिन जमिनीवर येऊन बुडत होतं. संध्याकाळनंतर जमिनीवर त्याला हात लावणारा माणूस एकच होता.

संध्याकाळी अमर बाजूला उभा राहून बघत राहिला. धरणाचा गाळ, शेवाळ इंजिनच्या नळ्यांत बसू नये म्हणून रोज नळी लावून आतून धुवायचं, अशी पद्धत होती. त्याचा एकच नियम. आधी इंजिन सुरू करायचं, मग नळ सोडायचा. शेवटी आधी नळ बंद, मग इंजिन. चालू इंजिन ते पाणी धुराबरोबर बाहेर फेकतं. बंद असलं, तर तेच पाणी सायलेन्सर भरून मागे सिलेंडरमध्ये जातं.

किसनरावांनी नळी लावली आणि नळ सोडला. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, नळीचे जोड गळतात का ते पाहिलं. आतली हवा निघायला वेळ दिला. मग बटण दाबलं. धुऊन झाल्यावर आधी इंजिन बंद केलं, हात पुसले, आणि चालत जाऊन नळ बंद केला. यात कुठेही हयगय नव्हती. विहिरीवरच्या पंपात आधी पाणी भरायचं, मग मोटार. कोरडा पंप सुरू केला तर सील जळतं. सगळं आयुष्य ते लोकांना हेच ओरडून सांगत आले होते.

अमरने मनात हिशेब मांडला आणि त्याला बाहेर पडायची वाट दिसेना. सापडलं म्हणावं, तर म्हातारा घरी बसेल आणि सुरभी येणार नाही. सापडलं नाही म्हणावं, तर देवीलाल सोडणार नाही. खोटंच सील बदलून निघून जावं, तर दुसऱ्याच सकाळी इंजिन पुन्हा बुडलेलं असेल. राहिलं एकच. सासऱ्याला शिकवायचं. जावयाने सासऱ्याला.

तो हळूच म्हणाला, "मामाजी, याचं उलटं हाये. आधी इंजिन, मंग पाणी."

किसनराव मूर्ख नव्हते. नळी, सायलेन्सर, सिलेंडर, सगळा रस्ता त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा, कारण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, "म्हंजे मीच पाणी भरून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःशी पुटपुटत आले, आधी इंजिन, आधी इंजिन. आणि हात नळावर गेला. अमरने तो धरला. तिसऱ्या दिवशी सुरुवात बरोबर झाली, शेवटी चुकलं. किसनराव स्वतःच्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत म्हणाले, "जवाई, डोक्यात शिरलं. हात आइकत नाई."

तेव्हापासून नळ अमर धरू लागला. म्हाताऱ्याने इंजिन सुरू करायचं, अमरने पाणी सोडायचं. अमरने पाणी बंद केलं की म्हाताऱ्याने इंजिन. सकाळी टक् होईनासं झालं.

देवीलाल एका दुपारी आला. सापडलं का, त्याने विचारलं. किसनराव उठून उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टाची बटणं त्यांनी गळ्यापर्यंत लावलेली होती. ते तोंड उघडणार, तेवढ्यात अमर म्हणाला, "नाई सापडलं, भाऊ. सध्या पाणी येनं बंद हाये, पन कायनं, ते नाई समजलं."

किसनराव परत खाली बसले. त्यांनी खरं काय ते बोलून टाकावं असं अमरला एक क्षण वाटलं होतं.

देवीलालने स्वतः काडी ओढून पाहिली, बोटाला लागलेलं स्वच्छ ऑइल टिनाला पुसलं आणि खूश होऊन हसला.

"नाई तं नाई सापडलं. तू हायेस तोवर कोरडं हाये ना? मंग तुले सोडून मी काय मशीन बुडवू? दोस्ताले सांगतो, दुसरा पाह्य म्हनून."

तो गेल्यावर शेडमध्ये ऊन आडवं आलं. किसनरावांनी नळी लावली, जोड घट्ट केला, आणि खाली मान घालून म्हणाले, "जवाई, चालू करू का?"

अमर नळापाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "करा."