वद्दू आणि वड्डी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. नातसुनेला तर मुळीच नाही — ती तेलुगू आहे, तिला अर्ध्यातच सगळं कळेल. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही रोज माझ्या हातचं जेवणार नाही.

माझं बरं चाललंय. गुडघे सोडले तर तक्रार नाही, झोप शांत लागते. शांत लागते, हेही या कबुलीत धरा.

बाविसाव्या वर्षी मी फार हुशार होते. इतकी हुशार मुलगी मी पुन्हा पाहिली नाही! वैरागहून सोलापुरात येऊन बी.ए. झालेली, दोन वेण्या, खांद्याला पर्स — पर्स रिकामी. तेव्हा पुण्याहून आमचे सर आले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक. गरीब बाईला तारण न मागता लहानसं कर्ज दिलं, तर ती ते फेडते, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. लोक हसले त्यांना. पुढे त्यांचं नाव परदेशापर्यंत गेलं, आणि जायलाच हवं होतं; माणूस सोन्यासारखा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत त्यांना दुभाषी हवी होती. तेलुगू येतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतं की.

काय येत होतं? ये, जा, जेवलीस का — वसतिगृहातल्या मैत्रिणीकडून उचललेलं. शिवाय आदल्या दिवशी घाईनं पाठ केलेले दोन शब्द: अप्पू म्हणजे कर्ज, वड्डी म्हणजे व्याज. एवढ्या भांडवलावर मी नोकरी धरली.

पहिलंच घर नरसम्माचं. नुकतीच तेलंगणातून लग्न होऊन आलेली, मराठीचा गंध नाही. मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. सासू आणि नवरा दारात उभे, दोघंही हसतमुख. सरांनी कर्ज समजावलं, मी त्याचं हातवारे करून तेलुगूसारखं काहीतरी केलं. नरसम्मानं मान वर न करता दोन शब्द टाकले.

अप्पू वद्दू.

मला काय ऐकू आलं? अप्पू, वड्डी. मी ऐटीत सांगितलं — सर, व्याज किती ते विचारतेय.

सर असे खूश झाले म्हणून सांगू! पुढे त्यांची भाषणं त्याच वाक्यानं सुरू व्हायची, की गरीब बाईचा पहिला प्रश्न व्याजाचा असतो. टाळ्या पडायच्या.

संध्याकाळी मैत्रिणीनं सांगितलं, वद्दू म्हणजे नको. ती हसून हसून लोळली. मीही हसले. पैसे द्यायला अजून आठवडा होता — सरांना जाऊन सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. पगाराची भीती होतीच, पण खरं सांगू? वस्तीत मला ‘मॅडम’ म्हणायला लागले होते.

पैसे नरसम्माच्या हातात दिले, ते तिथल्या तिथे नवऱ्याच्या खिशात गेले. सासूनं साखर वाटली. माग घेतो म्हणून तो भिवंडीला गेला आणि तिकडचाच झाला. कर्ज राहिलं नरसम्माकडे. तिनं विड्या वळून ते फेडलं, एकही हप्ता न चुकवता. हप्ता घ्यायला मीच जायची. जाऊन जाऊन तिच्याकडूनच तेलुगू शिकले — बघा माझी हुशारी.

इथवर तुम्ही मला माफ करून टाकाल. पोर होती, कान कच्चा होता... थांबा जरा.

कर्ज फिटलं तेव्हा सरांनी सभा ठेवली. हार, माईक, बाहेरगावचे पाहुणे. सरांनी व्याजाचा तो किस्सा सांगितला. नरसम्मा समोरच बसून ऐकत होती. एवढ्या वर्षांत विडी कारखान्यातल्या बायकांत राहून तिला मराठी समजायला लागली होती. मग तिला बोलायला उभं केलं. ती तेलुगूत बोलली, बराच वेळ, आवाज न चढवता. आता मला शब्दन् शब्द कळत होता. सर माझ्याकडे बघत होते. पाहुणे माझ्याकडे बघत होते. मी माईक घेतला आणि म्हणाले, “ती सर्वांचे आभार मानतेय.”

पहिल्यांदा मला कळलं नव्हतं. या वेळी कळलं होतं — म्हणून तर.

टाळ्या ओसरल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवत मराठीत म्हणाली, “मॅडम, मी लई बोलले की. त्याचं येवढंच झालं व्हय?”

मी काय म्हणाले असेन? चहा घेणार का, असं विचारलं तिला.

तिनं घेतला. पुढेही बाजारात भेटायची, माझ्या मुलींची चौकशी करायची. तो विषय तिनं काढला नाही, मी तर नाहीच नाही. मी त्याच संस्थेतून निवृत्त झाले, शाल मिळाली. सर गेले, ते वाक्य खरं मानूनच गेले. नरसम्माही गेली. त्या कर्जांनी कितीतरी बायकांचं भलं झालं, मी डोळ्यांनी पाहिलंय — आणि त्याचा इथे काही संबंध नाही.

माईकवर ती बोलली होती ते असं: “साहेब घरी आले तेव्हा मी नको म्हणाले होते. हाती पैसा आला की माझा नवरा घरी थांबायचा नाही, हे मला लग्नाच्या महिन्यातच कळलं होतं. म्हणून नको म्हणाले. ही बाई आमच्या मध्ये बसली होती. माझं नको तिनं साहेबांना सांगितलं नाही. आता तरी सांगावं.”